अकूस्टिक गिटारला पिकअप कुठला लावू, आणि घरी लावता येईल का?

तू विचारलंस ते असं, की यामाहा एफजी ८०० आहे, बडोद्यात गणपतीत दांडिया बाजारात भावगीतांच्या कार्यक्रमाला साथ करतोस, नवरात्रात सोसायटीच्या गरब्यात वाजवतोस आणि मधेअधे अलकापुरीतल्या एखाद्या कॅफेत दोन तास. आत्तापर्यंत साउंडहोलसमोर माइक ठेवून भागवलं, आता पिकअप, म्हणजे गिटारीचा आवाज विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा तुकडा, लावायचाय, सगळं मिळून पंधरा हजारांच्या आत. दुकानदार म्हणतो साइडला खिडकी कापून पिकअपचा सिग्नल मोठा करणारा फाइव्ह बँड प्रीअ‍ॅम्प बसवून देतो, अर्ध्या तासाचं काम. तर काय करू, आणि हे घरी जमेल का.

खिडकी कापू नकोस. बाकी काहीही कर, ते नको. साइडचं लाकूड जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जाड असतं, आणि तो स्वस्त प्रीअ‍ॅम्प काही वर्षांनी जातोच, स्लायडर खरखरायला लागतात, बॅटरीचं झाकण तुटतं, मग त्याच मापाचा दुसरा शोधत फिरायचं, तो मिळत नाही आणि जो मिळतो तो एक तर आत पडतो नाहीतर त्याच्यासाठी भोक अजून मोठं करावं लागतं. माझ्या टेबलावर अशा खिडकीवाल्या गिटारी नेहमी येतात. तुझ्या गिटारीचा टॉप सॉलिड स्प्रूसचा आहे, ती अजून पंधरा-वीस वर्षं वाजेल आणि वाजेल तशी खुलेल, तिला साइडला कायमची जखम कशाला.

आता मुद्द्याचं. लोक येतात ते थेट ब्रँड विचारत येतात, फिशमन घेऊ की बॅग्ज घेऊ, आणि मी उलट विचारतो की वाजवणार कुठे आणि पिन कशात घालणार. कारण पिकअपच्या किमतीपेक्षा दोनच गोष्टींनी जास्त फरक पडतो, एक म्हणजे सॅडल, ब्रिजवरची तारा टेकतात ती पट्टी, खाली कशी टेकलीय आणि दुसरी म्हणजे केबलचं दुसरं टोक कुठल्या डब्यात गेलंय. या दोन गोष्टी नीट असल्या तर मधल्या किमतीचा पिकअप सुरेख वाजतो आणि नसल्या तर महागातला महाग पिकअपही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो, हे मी रोज बघतो. म्हणून पंधरा हजारातले पंधरा पिकअपवर घालू नकोस, निम्मे-निम्मे कर, निम्मे पिकअप आणि लावण्याची मजुरी, निम्मे बाहेरचा प्रीअ‍ॅम्प-डीआय (डीआय म्हणजे गिटारीचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारा डबा).

तुझ्या तीन जागा एकेक करून बघू. भावगीतांचा कार्यक्रम म्हणजे हार्मोनियम, तबला, गायक आणि तू, सगळे बसून, आवाज माफक. महात्मा गांधी नगरगृहासारख्या बंद हॉलमध्ये असेल आणि साउंडवाला कान असलेला असेल तर खरं सांगतो, समोर नीट ठेवलेला माइक कुठल्याही पिकअपपेक्षा चांगला वाजतो, पिकअप लावल्यावर माइकची सवय सोडू नकोस, दोन्ही दे आणि माइक वर ठेवायला सांग. कॅफेत काहीही चालतं. अडचण गरब्याची. तिथे ऑक्टापॅड, ढोल, कीबोर्ड, तुझ्या पायाशी मॉनिटर, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे सबवूफर, आणि तिथे गिटार नुसती ऐकू येण्याइतकी वर घेतली की हूं करून घुमायला लागते आणि साउंडवाला ओरडतो, "भाई, गिटार सीटी मारे छे", आणि मिक्सरवरचा तुझ्या आवाजाचा फेडर जो खाली जातो तो आरती होईपर्यंत वर येत नाही.

हे का होतं ते समजून घे म्हणजे पिकअप निवडणं सोपं होईल. गिटारीची पेटी म्हणजे हवेची पेटी, तिचा स्वतःचा एक सूर असतो, बहुतेक मोठ्या ड्रेडनॉट गिटारींचा तो १०० हर्ट्झच्या आसपास पडतो, म्हणजे सहाव्या तारेवर तिसऱ्या ते पाचव्या पडद्याच्या जागी, जी ९८ हर्ट्झ आणि ए ११०. त्याच्या वर, साधारण २०० च्या आसपास, टॉपचा स्वतःचा सूर. स्पीकरमधून नेमके हेच सूर येऊन टॉपवर आदळतात, टॉप हलतो, तो पिकअपला परत कळतो, पिकअप पुन्हा स्पीकरला पाठवतो, झाली सीटी, यालाच फीडबॅक म्हणतात. म्हणजे जो पिकअप टॉपची हालचाल जितकी जास्त ऐकतो तितका तो गिटारीसारखा वाजतो आणि तितकाच तो गरब्यात त्रास देतो. ही देवाणघेवाण कुठलीही कंपनी चुकवू शकलेली नाही, जाहिरातीत काहीही लिहू देत.

आता प्रकार. पहिला सॅडलखालचा पिझो, म्हणजे ब्रिजच्या खाचेत सॅडलच्या खाली एक बारीक पट्टी किंवा वायरसारखी चीज बसते. पिझो म्हणजे दाब पडला की वीज देणारा पदार्थ, १८८० मध्ये जॅक आणि प्येर क्युरी या भावांनी शोधलेला गुण, गिटारीत तो तारेचा सॅडलवरचा दाब ऐकतो. टॉप कसा घुमतो ते त्याला फार कमी कळतं, म्हणून फीडबॅक कमी आणि सूर स्पष्ट, पण जोरात स्ट्रम केलं की तो प्लॅस्टिकी, बदकासारखा क्वॅक येतो, तो याचाच. फिशमनचा सोनिटोन आणि मॅट्रिक्स इन्फिनिटी, एल. आर. बॅग्जचा एलिमेंट हे या घराण्यातले. साउंडहोलच्या काठाला आतून छोटी चाकं चिकटवायची, त्यांनी आवाज कमीजास्त होतो, बाहेरून काही दिसत नाही, खिडकी लागत नाही.

दुसरा टॉपला चिकटवायचा पिझो. के अँड के प्युअर मिनी हा त्यातला सगळ्यात माहितीतला, तीन छोट्या चकत्या आतून ब्रिजप्लेटवर (ब्रिजच्या खाली टॉपला आतून लावलेली लाकडी पट्टी), सॅडलच्या बरोबर खाली, पहिल्या-दुसऱ्या, तिसऱ्या-चौथ्या आणि पाचव्या-सहाव्या तारेच्या मधे चिकटवायच्या. सॅडलला हात लावायचा नाही, बॅटरी नाही. आवाज गोल, लाकडाचा, बोटांनी वाजवणाऱ्याला प्रेमात पाडणारा. तू नुसती भावगीतंच वाजवत असतास तर मी डोळे मिटून हाच सांगितला असता. पण गरब्यात हा घुमतो, कारण टॉप हलला की सगळं याला कळतं.

तिसरा साउंडहोलमधला मॅग्नेटिक. फिशमन रेअर अर्थ, बॅग्ज एम ८०, सेमूर डंकनचा वूडी, असे. दोन स्क्रू आवळले की बसला, गिटारीला भोक नाही, घुमणं सगळ्यात कमी. आवाज थोडा इलेक्ट्रिककडे झुकतो. यात एक गोम आहे जी दुकानात कोणी सांगत नाही, मॅग्नेटिकला लोखंड कळतं, ब्राँझ कळत नाही. आपल्या अकूस्टिक तारांवर बाहेरून ब्राँझचं वेटोळं, आत स्टीलचा गाभा, आणि पहिली-दुसरी तार मात्र उघडं स्टील, त्यामुळे बी आणि ई धाडकन वर येतात आणि खालच्या तारा मागे पडतात. ज्या पिकअपला तारेगणिक खालीवर करायचे स्क्रू आहेत त्यात हे सुधारतं, नाहीतर निकेलच्या तारा लावाव्या लागतात आणि मग माइकसमोर गिटारीचा तो झळाळ जातो. आणि नायलॉन तारांची गिटार असेल तर मॅग्नेटिक विसरूनच जा, तिथे तो काही ऐकणारच नाही.

चौथा म्हणजे मिश्र, पिझो अधिक आतला छोटा माइक, बॅग्जचं अँथम वगैरे. मस्त असतात, तुझ्या बजेटच्या बाहेर आहेत, आणि गरब्यात तू तो माइक बंदच करशील.

तर तुझ्यासाठी माझं मत: सॅडलखालचा अ‍ॅक्टिव्ह पिझो, म्हणजे गिटारीच्या आतच बॅटरीवरचा प्रीअ‍ॅम्प असलेला, साउंडहोलच्या काठाला चाकं असलेला. कारण तुझी सगळ्यात कठीण जागा गरबा आहे आणि सगळ्यात नाजूक जागा भावगीत, दोन्हीकडे निभावेल असा हाच आहे. वर्षभर नुसता गरबा आणि लग्नंच असती तर मॅग्नेटिक म्हणालो असतो.

आता डब्याबद्दल, आणि इथे जरा सावकाश वाच. पिझो हा विजेच्या भाषेत एक छोटा कपॅसिटर आहे. समज तो एक नॅनोफॅरडचा आहे, आणि तू त्याची वायर प्रीअ‍ॅम्पशिवाय सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला लावलीस, जिथे इनपुट इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा, साधारण १० किलोओहम असतो, तर हिशेबाने १६ हजार हर्ट्झच्या खालचं सगळं उतरणीला लागतं, म्हणजे जवळजवळ पूर्ण गिटारच. तोच एक मेगाओहमच्या इनपुटला लावला तर उतरण १६० हर्ट्झला सुरू होते, आणि १० मेगाओहमला लावला तर १६ हर्ट्झला, म्हणजे काहीच जात नाही. "पिकअप लावला पण चिरका वाजतो, बेसच नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या निम्म्या लोकांचा पिकअप ठीक असतो, पिन चुकीच्या जागी असते. पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेला पिकअप आणि पॅसिव्ह डीआय ही जोडी पण तशीच, रेडियल जेडीआयसारख्या उत्तम ट्रान्सफॉर्मर डीआयचा इनपुट १४० किलोओहम आहे, इलेक्ट्रिक बेसला झकास, उघड्या पिझोला कमी.

केबलचंही तसंच. गिटारच्या केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असते, दहा मीटर केबल म्हणजे एक नॅनोफॅरड, म्हणजे पिकअपइतकीच, आणि मग सिग्नल सरळ निम्मा होतो. अ‍ॅक्टिव्ह पिकअपमध्ये हा सगळा त्रास नाही कारण प्रीअ‍ॅम्प गिटारीच्या आत, पिकअपपासून वीतभर अंतरावर बसलेला असतो आणि बाहेर येतो तो दमदार सिग्नल, तो कुठल्याही डीआयला चालतो, अगदी साउंडवाल्याने सरळ लाइन चॅनलला पी-३८, म्हणजे गिटार केबलची जाड पिन, घातली तरी चालतो. मांडवात तुझ्या नशिबी कुठला डीआय येईल हे तुझ्या हातात नाही, म्हणून तुला अ‍ॅक्टिव्ह.

मग अ‍ॅक्टिव्ह असताना बाहेरचा प्रीअ‍ॅम्प कशाला? नॉचसाठी, खालचे सूर कापणाऱ्या लो-कटसाठी आणि सिग्नल उलटा करणाऱ्या फेज बटणासाठी. नॉचचं, म्हणजे घुमणारा एकच सूर चिमटीत पकडून खाली दाबायचं काम साउंडवाल्याच्या मिक्सरवर होऊ शकतं, पण गरबा सुरू असताना तो तुझ्यासाठी मोकळा नसतो. नॉच, लो-कट किंवा बेस कमी करायचा नॉब, फेज आणि एक्सएलआर (माइकच्या केबलसारखं तीन पिनांचं) आउट ग्राउंड लिफ्टसकट, एवढं ज्या पेडलमध्ये आहे ते घे, सेकंडहँड मिळालं तर अजून उत्तम. ग्राउंड लिफ्ट यासाठी की जनरेटरवर आणि लांबलांबच्या एक्सटेन्शनवर घूंऽऽ असा हम येतो, तो लिफ्टने जातो. काही जण हम घालवायला अ‍ॅम्पच्या थ्री पिनची अर्थची पिन तोडतात किंवा टू पिन लावतात, ते कधीही करू द्यायचं नाही, पावसाने ओल्या मैदानात उघड्या पायाने उभा असतोस तू. फिशमनचं ऑरा, बॅग्जचं व्हॉइसप्रिंट असल्या वस्तू पिझोच्या आवाजावर माइकचा रंग चढवतात, खरंच चांगल्या आहेत, पण पुढच्या बजेटमध्ये.

आता लावणं.

ऑर्डर करण्याआधी सॅडलची जाडी व्हर्नियरने मोज, फुटपट्टीने नाही. साधारण दोन मापं चालतात, सव्वातीन मिलिमीटरच्या आसपासची रुंद आणि अडीचच्या आतली बारीक, आणि पिकअपही या दोन मापांत येतात. रुंद खाचेत बारीक पिकअप घातला की तो एका बाजूला सरकतो आणि मग एखादी तार मुकी होते. त्याच वेळी बाराव्या पडद्यावर सहाव्या आणि पहिल्या तारेची उंची मोजून कागदावर लिहून ठेव.

तारा एकदम सोडू नकोस, आळीपाळीने सैल कर, ब्रिजपिना काढ, सॅडल पकडीने हलकेच वर ओढ. कधीकधी टिपकाभर गोंद असतो, हलवत हलवत निघते. आता खाचेचा तळ बघ. फॅक्टरीच्या गिटारीत तळाला कोपऱ्यात गोलाई असते, मधे लाकडाचा उंचवटा असतो, कुठे लॅकरचा थेंब वाळलेला असतो, तो सगळा सपाट झाला पाहिजे. पिकअपच्या खाली लाकडाचा एक कण राहिला तरी चपलेत खडा गेल्यावर चाल बिघडते तसं होतं, एक तार ओरडते आणि शेजारची लंगडते.

खाचेच्या टोकाला, तारेच्या बाहेर, पिकअपची वायर आत जायला भोक पाडायचं. किती जाड ते पिकअपच्या पेटीतल्या कागदावर लिहिलेलं असतं, बहुतेक तीन मिलिमीटरच्या जवळपास, खाच बारीक असेल तर त्याहून कमी. ड्रिल लावायच्या आधी आत आरसा आणि मोबाइलचा टॉर्च घालून बघ की त्या जागी खाली एक्स ब्रेस, म्हणजे टॉपला आतून आधार देणारी लाकडी पट्टी, तर नाही ना, ब्रिजच्या टोकांजवळून ब्रेसचे पाय जातात, त्यात भोक पाडलंस तर टॉपचा आधारच कमी करशील. भोक अगदी उभं न पाडता खाचेच्या दिशेला थोडं तिरकं पाड म्हणजे पिकअपला काटकोनात मुरड पडत नाही. वरच्या काठाला जो कच राहतो तो छोट्या कानशीने मोडून टाक, मग फुंकर, मग ब्रश, मग पुन्हा बघ.

सॅडल. पिकअप जितका जाड तितकी सॅडल खालून कमी करायची. १.३ मिलिमीटरचा पिकअप तसाच घातलास तर बाराव्या पडद्यावर तारा त्याच्या निम्म्याने, म्हणजे पाऊण मिलिमीटरला थोड्या कमी इतक्या उंच होतात आणि गरब्यात तिसऱ्या तासाला डाव्या हाताची बोटं बोलायला लागतात. वरून घासायचं नाही, वरची गोलाई आणि सुरांची भरपाई बिघडते, घासायचं ते खालून. आता हे काम नीट बघ कारण सगळा आवाज इथे आहे. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटव, सॅडलच्या तळाला पेन्सिलने आडव्या रेघा मार, सॅडल अगदी उभी धरून दोन-चार वेळा एकाच दिशेने ओढ आणि उलटी करून बघ. जिथली पेन्सिल पुसली तो उंच भाग, जिथली राहिली तो खड्डा. पुन्हा रेघा, पुन्हा ओढ, सगळ्या रेघा एकाच वेळी पुसल्या जाईपर्यंत. हात बाहेर कलतो, टोकं जास्त झिजतात आणि तळ केळ्यासारखा होतो, नेमक्या पहिल्या आणि सहाव्या तारेखाली पोकळी राहते, बाजारातल्या घाईच्या कामात सगळ्यात जास्त हाच दोष दिसतो. जुनी सॅडल जपून ठेव आणि घासायला नवी घे. हाडाची घेतलीस तर एकसारख्या घट्टपणाची बघून घे, हाड मधेच पोकळ-ठिसूळ असलं की तेवढीच तार कमी येते, टस्कसारखी बनावटी सॅडल या कामाला जास्त भरवशाची. खाचेत ती बोटांनी आत-बाहेर व्हायला हवी पण पुढेमागे डुलायला नको, पकडीने ठोकून बसवावी लागली तर दाब बाजूच्या भिंतींवर जातो आणि खाली पिकअपला काही पोचतच नाही.

आणि बडोद्याच्या हवेचं एक. ऑगस्टमध्ये टॉप हवेतलं पाणी पिऊन फुगलेला असतो, ब्रिज वर आलेला असतो, तारा उंच वाटतात, त्या हिशेबाने सॅडल कमी केलीस की जानेवारीत टॉप खाली बसतो आणि तारा पडद्यांवर खडखडतात. म्हणून पावसाळ्यात थोडी उंचच ठेव, किंवा हे काम दिवाळीनंतर कर. गणपतीच्या चार दिवस आधी तर मुळीच नाही.

मागचं भोक, म्हणजे पट्ट्याच्या खुंटीच्या जागी जॅक. काही गिटारींना खुंटी दाबून बसवलेली असते, काहींना स्क्रूने. ते भोक साधारण १२ मिलिमीटरपर्यंत, अर्ध्या इंचाच्या आसपास वाढवायचं, नेमकं माप पुन्हा कागदावरच. साधं मोठं ड्रिल बिट लावू नकोस, ते लाकडात अडकून झटका देतं आणि लॅकरचा टवका उडतो किंवा टेलब्लॉक, म्हणजे मागच्या टोकाचा आतला लाकडी ठोकळा, चिरतो. वरून मास्किंग टेप लाव आणि हाताने फिरवायचा निमुळता रीमर वापर, वेळ लागतो पण काही बिघडत नाही. मग भोकातून एक बारीक काठी आत घाल, साउंडहोलमधून तिच्यावर जॅक अडकव आणि काठीने बाहेर ओढ. बाहेरच्या टोकाला आडवं छोटं भोक असतं, त्यात अ‍ॅलन की घालून जॅक फिरण्यापासून धरायचा आणि मग नट आवळायचा, नाहीतर जॅक आत गरगर फिरतो आणि सोल्डर तुटतं. आतला नट असा सेट कर की बाहेर फक्त लागतील तेवढेच आटे येतील. आतल्या वायरी क्लिपने साइडला चिकटव, मोकळ्या सोडल्या तर बेसच्या सुराला टॉपवर टकटक वाजतात आणि तू महिनाभर फ्रेट बझ शोधत बसशील.

बॅटरीचं कळून घे. जॅक स्टिरिओ असतो आणि तुझी पिन मोनो, पिन आत गेली की रिंग आणि स्लीव्ह जोडले जातात आणि बॅटरीचं सर्किट पूर्ण होतं. म्हणजे स्विच नाहीच, पिन हाच स्विच. रात्री घरी येऊन केबल गिटारीतच ठेवलीस तर बॅटरी सकाळपर्यंत चालूच. आवाज फाटायला किंवा मरायला लागला की पिकअपला शिव्या घालण्याआधी ९ व्होल्टची नवी बॅटरी घालून बघ.

तारा लावून पूर्ण सुरात आण, अर्ध्या ताणावर पिझोची परीक्षा होत नाही. अ‍ॅम्पला लाव, टोन सगळे मधे, आणि एकेक तार सारख्या जोराने छेड. एखादी कमी वाटली तर लगेच उघडू नकोस, रात्रभर ताणात राहू दे, सॅडल थोडी बसते आणि बरंच सुधारतं. सकाळीही तीच तार कमी असेल तर सॅडल काढ, त्या जागी पेन्सिलची रेघ मार, आणि पुन्हा काचेवर. पिकअप खराब निघण्याची वेळ फार क्वचित येते.

घरी जमेल का? मॅग्नेटिक कोणालाही जमेल. टॉपला चिकटवायचा थोड्या धीराने जमेल. सॅडलखालचा मात्र कानस कधी हातात धरली नसशील तर एखाद्या जाणत्या कारागिराकडून करून घे, मागच्या भोकाला मजुरी गेली तरी चालेल, पण गिटार ताब्यात घेण्याआधी तिथेच अ‍ॅम्पला लावून सहाही तारा तू स्वतः एकेक छेडून बघ. "वाजते ना, बस" असं म्हणणाऱ्याकडून तशीच उचलून आणू नकोस.

गरब्याच्या रात्री: साउंडहोलला रबरी झाकण लाव, घुमणं खूप कमी होतं, दिसायला वाईट आहे पण मैदानात कोण बघतंय. मात्र आवाजाची चाकं त्याच्या आत झाकली जातात, म्हणून आधी चाक सेट कर, मग झाकण. उभा राहताना मॉनिटरच्या तोंडासमोर राहू नकोस, गिटारीचं तोंड थोडं बाजूला वळव. साउंड चेकला आवाज मुद्दाम वाढव, घुमायला लागला की नॉच फिरवत तो सूर शोध आणि दाब, जमलं नाही तर फेजचं बटण दाबून बघ, जागा बदलली की त्याचा परिणामही बदलतो. लो-कट ८० ते १०० च्या मधे, तुझी सहावी तार ८२ हर्ट्झची आहे, तिच्याखाली नुसती ढोलाची धडधड आहे, ती तुला नकोच आहे. क्वॅक फार वाटला तर दीड ते तीन हजारांच्या पट्ट्यात थोडं कमी कर, ट्रेबल सगळा कापू नकोस. आणि स्ट्रम हलका ठेव, पिझोला जोर लागत नाही, जोर लावला की तो भांडतो.

आता पहिलं काम सॅडलचं माप. ते आणि बाराव्या पडद्यावरची उंची कळव, मग रुंद घ्यायचा की बारीक ते सांगतो, तोपर्यंत पैसे भरू नकोस.